टाकेबाईंचं शुद्धिपत्र

टाकेबाई आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात बाइंडिंगचं काम करायच्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हाक मारायला ते कोणी वापरलं नाही. टाके घालणारी बाई, म्हणून टाकेबाई. मी वर देवघेवीच्या टेबलावर बसून पुस्तकांवर परतीच्या तारखेचे शिक्के मारायचो, म्हणून त्यांच्यासाठी मी 'शिक्केवाले'. चौदा वर्षं आम्ही एकमेकांना याच नावांनी ओळखलं आणि दोघांचंही काही अडलं नाही.

तळघराला एकच खिडकी, तीही छताला टेकलेली. तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे गुडघ्यापर्यंतचे पाय तेवढे दिसत. टाकेबाई पायांवरून माणूस ओळखायच्या. "ग्रंथपालबाई आल्या. नवी चप्पल चावतेय त्यांना," असं त्या हातातलं काम न थांबवता सांगायच्या. खाली एक लांब टेबल, लोखंडी दाबयंत्र, शिवणीची लाकडी चौकट, खळीचा डबा आणि सुया टोचून ठेवलेला फ्लॅनेलचा तुकडा. फाटकी पुस्तकं त्या नीट करायच्याच, पण मुख्य काम वर्तमानपत्रांचं. एकेका महिन्याचे अंक तारखेनं लावायचे, घड्या पट्टीनं दाबून सपाट करायच्या, कडेनं आरीनं भोकं पाडायची, शिवायचं, वर पुठ्ठा आणि कापडाची पाठ चढवायची.

आपण पेपर रोजच्या रोज वाचतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर भाजी निवडतो. टाकेबाईंच्या हातात मात्र अख्खा महिना एकदम यायचा. परवा ज्याला 'संप' म्हटलं होतं तो आज 'गोंधळ' कसा झाला, पहिल्या पानावरची बातमी आठवड्याभरात सातव्या पानाच्या तळाशी कशी सरकली, हे त्यांना सुई चालवता चालवता दिसायचं. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण व्याकरणाचा मास्तर खमका मिळाला होता.

"क्रियापदाला विचारायचं, शिक्केवाले," त्या म्हणायच्या. "बाबा रे, तुझा कर्ता कुठाय? 'दगडफेक झाली.' कोणी केली? 'लाठीमार करावा लागला.' कोणी करायला लावला? एकाच बातमीत एका बाजूची माणसं नावानिशी गुन्हे करतात आणि दुसऱ्या बाजूची कामं आपोआप होतात. असं दिसलं की समजायचं, लिहिणारा कोणाच्या ओसरीवर बसून लिहितोय."

मी आधी हसलो. मग घरी येऊन सकाळचा पेपर तसा वाचून पाहिला आणि तेव्हापासून माझा चहा गार व्हायला लागला.

एक गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आली. वाचनालयाकडे जिल्ह्यातल्या एका मोठ्या दैनिकाचे साठ वर्षांचे अंक होते. टाकेबाई जुन्या वर्षापासून एकेक महिना शिवत पुढे येत होत्या. त्यात चाळीस वर्षांपूर्वीचा एक मार्च तेवढा राहिला होता. फेब्रुवारी शिवलेला, एप्रिल शिवलेला, मधला मार्च तसाच दोरीत बांधून फळीच्या मागे सारलेला. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "त्याला वाळवी लागलीय, सवडीनं बघू." वाळवी वगैरे काही नव्हती.

त्या वर्षी नगरपालिकेला शंभर वर्षं पूर्ण होत होती. शताब्दी ग्रंथ लिहायचं काम प्राचार्यांकडे गेलं. प्राचार्य म्हणजे आमच्या कॉलेजचे निवृत्त प्राचार्य. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, मीही गेलेलो. माणूस सज्जन, अभ्यासू आणि आपण चुकत नाही या बाबतीत निश्चिंत. सहाशे प्रती छापून झाल्या आणि सुटे फर्मे, म्हणजे न शिवलेले छापील कागद, बाइंडिंगसाठी आमच्या तळघरात आले. वाचनालय पालिकेचंच, त्यामुळे काम टाकेबाईंकडे. प्रकाशनाला तीन आठवडे होते.

चौथ्या दिवशी टाकेबाई वर आल्या. त्या वर फारशा येत नसत. त्यांनी एक घडी घातलेला फर्मा माझ्या शिक्क्याच्या पॅडवरच ठेवला आणि पान दोनशे चौदावर बोट टेकलं. मी वाचलं. "पहारेकऱ्याच्या बेपर्वाईमुळे नदीवरील झुलता पूल कोसळून बावीस जणांचा दुर्दैवी अंत झाला."

"हा पहारेकरी माझा बाप," टाकेबाई म्हणाल्या.

त्या दुपारी त्यांनी मला सगळं सांगितलं. नदीच्या अलीकडे गाव, पलीकडे सूतगिरणी, मध्ये लोखंडी दोरांवर टांगलेला लाकडी पूल. त्याच्यावर एका वेळी चाळीसच माणसं सोडायची, बाकीची साखळीच्या मागे थांबवायची, हे वडिलांचं काम. मार्चमधल्या एका सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेस पूल मधोमध तुटला. टाकेबाई तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. आठवड्याभरात वडिलांना कामावरून काढलं. पाण्याच्या नळावर आईला रांगेतून बाहेर ढकललं. शाळेत हिच्या बाकावर कोणी बसेना. घर बदललं, तरी बातमी आधीच तिथे जाऊन बसलेली असायची. वडील पुढे सहा वर्षं जगले. त्या सहा वर्षांत त्यांनी पुलाबद्दल एक शब्द काढला नाही, आणि पेपर घरात येऊ दिला नाही.

"आणि आई?"

"आईचं एकच वाक्य. 'ते जागचे हलले नव्हते.' चाळीस वर्षं तेच. मीही तेच धरून बसले."

"तो मार्चचा गठ्ठा..."

"भीती वाटायची," त्या म्हणाल्या. "आता नाही वाटत. आता राग आलाय. चला खाली."

आम्ही गठ्ठा सोडला आणि पाच दिवसांचे अंक टेबलावर ओळीनं मांडले. दुसऱ्या दिवशीच्या अंकात पहिल्या पानावर बातमी होती. लिहिणारा कोणी घाईतला, पण डोळे उघडे असलेला बातमीदार असावा. त्यानं लिहिलं होतं, की पुलाचा एक दोर उसवल्याची तक्रार पहारेकऱ्यानं दोन दिवस आधी बांधकाम खात्यात केली होती. खात्यातल्या कारकुनानं बातमीदाराला सांगितलं, की त्या सकाळीही पहारेकरी पुन्हा कचेरीत आला होता, पण साहेब आले नव्हते; या जाण्यायेण्यात त्याची वीसेक मिनिटं गेली. वाचलेल्या दोन कामगारांनी सांगितलं, की साखळी लावलेली होती. भोंगा झाला, गिरणीचं फाटक भोंग्यानंतर पाच मिनिटांत बंद होतं आणि मग दिवसभर आत घेत नाहीत, म्हणून लोकांनीच साखळी काढली.

त्याच्या पुढच्या अंकात गिरणीची आणि पालिकेची दुखवट्याची अर्ध्या पानाची जाहिरात होती. बातमीत कारकून नव्हता. कामगार नव्हते. 'पहारेकरी जागेवर नव्हता असे कळते,' एवढंच होतं. कोणाला कळलं, कोणाकडून कळलं, काही नाही. तिसऱ्या अंकात 'असे कळते' हेही गेलं आणि 'साखळीही लावलेली नव्हती' हे आलं. चौथ्या अंकात मोठा मथळा: 'पहारेकऱ्याच्या बेपर्वाईने बावीस बळी.' आणि पाचव्या अंकात अग्रलेख, खालच्या नोकरवर्गात कर्तव्याची जाणीव कशी उरलेली नाही यावर.

टाकेबाईंनी एकेका अंकावर पट्टी ठेवत वाचलं. मला वाटलं, त्या रडतील. त्या पुन्हा पहिल्या अंकाकडे गेल्या आणि 'पुन्हा कचेरीत आला होता' या ओळीवर थांबल्या.

"म्हणजे हलले होते," त्या म्हणाल्या.

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. त्यांनी हातानंच मला गप्प केलं.

संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी आईला विचारलं. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, पण जीभ अजून धारदार. हे सगळं टाकेबाईंनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"आई, बाबा त्या सकाळी कचेरीत गेले होते?"

"जागचे हलले नव्हते."

"आई, छापून आलंय. दुसऱ्याच दिवशी."

आई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मग ते पान फाड. तुझ्याच हातात आहेत ना सगळे कागद? कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल की."

"तुला अक्कल नाही. तेव्हा 'गेला होता' एवढंच ऐकलं असतं लोकांनी. 'कशाला गेला होता' ते ऐकायला कोण थांबणार होतं? म्हणून मी म्हटलं, हलले नव्हते. आणि म्हणतच राहिले."

"पेपरवाल्यांनीही तेच केलं, आई. त्यांनी 'कशाला' गाळलं, तू 'गेले' गाळलंस."

आईनं त्या दिवशी जेवताना लेकीशी बोलणं टाकलं. अबोला तीन दिवस टिकला.

टाकेबाईंनी शिवण थांबवली. सहाशे प्रतींचे फर्मे भिंतीला लावून ठेवले, वर कापड टाकलं आणि प्राचार्यांना निरोप धाडला, की पान दोनशे चौदा चुकलंय, शुद्धिपत्र छापून द्या, ते चिकटवते आणि मग शिवते. शुद्धिपत्र म्हणजे चुकांची दुरुस्ती सांगणारी चिठ्ठी. जुन्या पुस्तकांत पहिल्या पानाआधी असायची. मागणी काही फार मोठी नव्हती.

प्राचार्य दुसऱ्याच दिवशी आले. त्यांच्यासोबत शताब्दी समितीचे अध्यक्षही होते. पालिकेतले पुढारी, मोबाइल हातातून न सुटणारे. दोघं तळघराचा जिना सांभाळून उतरले. चहा द्यायच्या निमित्तानं मीही खाली थांबलो.

"बाई, मी मनचं काही लिहिलेलं नाही," प्राचार्य म्हणाले. "तळटीप बघा. दैनिकाचा अंक, तारीख, पान, सगळं दिलेलं आहे."

"तळटीप खरी आहे सर. बातमी खोटी आहे."

"ते तुम्ही कसं ठरवणार?"

"मी नाही ठरवत. त्याच पेपरनं तीन दिवस आधी काय छापलं होतं ते बघा. इथेच मांडून ठेवलंय."

प्राचार्यांनी टेबलाकडे नजर टाकली, पण पुढे झाले नाहीत. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. ते म्हणाले, "हे बघा ताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. घरचा विषय आहे. आपण असं करू, 'पहारेकऱ्याच्या भूमिकेबाबत मतभेद आहेत' असं घालू. झालं समाधान?"

"नाही. मतभेद कोणाचे? बांधकाम खात्याला तक्रार मिळाली की नाही, यात कसला मतभेद? मिळाली. पूल बंद केला नाही. कोणी नाही केला? खात्यानं. हे लिहा."

"खातं पालिकेचं. ग्रंथ पालिकेचा," अध्यक्ष म्हणाले. त्यांना वाटलं यात सगळं आलं. आलंही होतं.

मग प्राचार्यांनी एक वेगळीच वाट काढली. त्यांना वाद नको होता. ते म्हणाले, "कामगारांच्या साप्ताहिकानं तेव्हा दुसरी बाजू छापली होती. माझ्या टिपणांत आहे. पहारेकऱ्यानं जिवाची पर्वा न करता नदीत उडी घेतली आणि नऊ जणांना बाहेर काढलं. हवं तर तो मजकूर चिठ्ठीत देतो. वडिलांचा मानही राहील आणि अध्यक्षांनाही अडचण नाही. आता तरी हरकत नाही ना?"

अध्यक्षांनी मान डोलावली. मलाही क्षणभर वाटलं, सुटलं कोडं. मी चहाचे कप उचलायला लागलो.

"सर," टाकेबाई म्हणाल्या, "बाबांना पोहता येत नव्हतं."

मी उचललेले कप परत टेबलावर ठेवले.

"पुलावर नोकरी केली, पण कठड्याला हात लावल्याशिवाय चालत नसत. त्यांनी कोणाला बाहेर काढलं नाही. त्या पेपरला गिरणीशी भांडायला हिरो हवा होता, त्यांनी केला. या पेपरला चोर हवा होता, यांनी केला. मला यांचा चोर नको आणि त्यांचा हिरोही नको. माझा बाप वीस मिनिटं जागेवर नव्हता, कारण तो पूल बंद करा म्हणून सांगायला गेला होता. एवढंच छापा. नाही छापलं तर मी शिवणार नाही."

"हे सरकारी काम आहे, बाई," अध्यक्षांचा आवाज चढला. "नकार दिल्याचे परिणाम होतात."

"होऊ देत. नकार मी दिला असं कागदावर स्पष्ट लिहा. 'नकार देण्यात आला' असं नको."

मी कप घेऊन वर पळालो. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती.

परिणाम झाले. टाकेबाईंना मेमो मिळाला, वार्षिक वाढ रोखली, आणि फर्मे टेम्पोत भरून दुसऱ्या शहरातल्या एका छापखान्यात गेले. तिथे शिवायला वेळ नव्हता. त्यांनी पाठ कापून डिंकानं चिकटवून दिली. प्रकाशन वेळेवर झालं, भाषणं झाली, पान दोनशे चौदा होतं तसं गावभर गेलं. ग्रंथपालबाईंनी त्या दिवशी टाकेबाईंना घरी जायला सांगितलं. टाकेबाई गेल्या नाहीत. त्यांनी दिवसभर बसून तो राहिलेला मार्च महिना शिवला. पहिल्या तारखेपासून एकतीस तारखेपर्यंत, एकही पान न गाळता, पाठीवर निळं कापड. मग तो खंड स्वतः उचलून वर वाचनकक्षात नेऊन ठेवला, शताब्दी ग्रंथाच्या शेजारी. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मी सांगत सुटलो होतो.

चारशे गुळगुळीत पानं डिंकावर किती दिवस तगणार? पाऊसकाळ संपायच्या आत ग्रंथाची पानं सुटायला लागली. वाचनालयाकडे बारा प्रती होत्या. एकेक करून सगळ्या विस्कटून माझ्या टेबलावर परत आल्या, दोन तर रबरबँड लावून. नियमाप्रमाणे मी त्या दुरुस्तीसाठी खाली पाठवल्या.

टाकेबाई थेट ग्रंथपालबाईंकडे गेल्या. "चोरून काही करायचं नाही मला. दुरुस्ती करताना शुद्धिपत्र लावते. तुम्ही लेखी परवानगी द्या."

ग्रंथपालबाई तशा जपून चालणाऱ्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, फाइलवर सही करण्याआधी पेन दोनदा झटकणाऱ्या. त्यांनी मार्चचा खंड मागवला. केबिनचं दार लावून घेतलं. तासाभरानं बाहेर आल्या तेव्हा परवानगीचा कागद टाइप झालेला होता. "वाचनालयानं वाचकाला संदर्भ देणं हे आमचं काम आहे," त्या मला म्हणाल्या, मी काही विचारलं नसताना. "यात कोणाला काय वाटायचंय ते वाटू दे."

चिठ्ठीचा मजकूर टाकेबाईंनी नऊ वेळा लिहिला. माझं अक्षर सुवाच्य म्हणून मी उतरवून घ्यायला बसलो होतो. एकदा मी 'दुर्दैवाने' घातलं. त्यांनी खोडलं. 'पूल बंद करण्यात आला नाही' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी ठरलं ते असं:

"पान २१४ वरील वाक्य चुकीचे आहे. पहारेकऱ्याने दोन दिवस आधी बांधकाम खात्याला दोर उसवल्याची खबर दिली. खात्याने पूल बंद केला नाही. घटनेच्या सकाळी पहारेकरी साखळी लावून पुन्हा खात्यात गेला. त्यामुळे तो सुमारे वीस मिनिटे जागेवर नव्हता. गिरणी भोंग्यानंतर पाच मिनिटांत फाटक बंद करत असे. फाटक गाठण्यासाठी कामगारांनी साखळी काढली. आधार: तळटीपेतील दैनिकाचीच पहिली बातमी. ती व तिच्यानंतरच्या बातम्या वाचनकक्षात निळ्या खंडात ओळीने वाचाव्यात. हे शुद्धिपत्र लिहिणारी पहारेकऱ्याची मुलगी आहे, हेही वाचकाने लक्षात घ्यावे."

शेवटचं वाक्य मला नको होतं. मी म्हटलं, "यानं तुमचीच बाजू लंगडी होते."

"होऊ दे," त्या म्हणाल्या. "मी कुठे बसून लिहितेय ते वाचणाऱ्याला दिसायला नको?"

बारा प्रती पक्क्या शिवून, चिठ्ठ्या लावून वर आल्या. छापलेल्या सहाशेतल्या आमच्याकडे बाराच. पण लोक यायला लागले. आधी चौकस, मग खरोखर वाचणारे. कॉलेजच्या एका बाईंनी सगळा वर्ग आणला आणि मुलांना पाच अंकांतल्या क्रियापदांखाली वहीत रेघा मारायला लावल्या. टाकेबाईंची आई एका सकाळी काठी टेकत आली. तिनं चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली, दोनदा. 'जागेवर नव्हता' आलं तेव्हा तिनं डोळे मिटले. वाचून झाल्यावर म्हणाली, "अक्षर बरं आहे तुमचं." आणि गेली.

प्राचार्यही आले. एकटे. निळा खंड उघडून उभ्यानंच पाचही अंक वाचले. नंतर जिना उतरून खाली गेले. टाकेबाईंनी स्टूल पुढे केलं, ते बसले नाहीत.

"मी चौथाच अंक बघितला होता," ते म्हणाले. "मथळा मोठा होता. शोधायला गेलो तेव्हा पहिल्यांदा तोच हाताला लागला."

"मार्च मी मागे दडवून ठेवला होता, सर. तोही दोष आहेच माझा. पण तुम्ही मागितला असता तर द्यावाच लागला असता."

प्राचार्य थोडा वेळ खिडकीतून रस्त्यावरचे पाय बघत राहिले. "माझ्याकडच्या प्रतीलाही चिठ्ठी लावून द्याल?" त्यांनी विचारलं. तेवढंच. पुढच्या आवृत्तीचं आश्वासन त्यांनी दिलं नाही, आणि टाकेबाईंनी मागितलंही नाही. प्रत मात्र त्याच दिवशी शिवून दिली.

मग साध्याच एका मंगळवारी, अकराच्या सुमारास एक बाई माझ्या टेबलासमोर उभी राहिली. साठी ओलांडलेली, उंच, गिरणीत आयुष्य घालवलेल्यांचा असतो तसा मोठा आवाज. यंत्रांच्या आवाजावर बोलायची सवय झालेली असते त्यांना. "चिठ्ठी लिहिणारी कुठे बसते?" तिनं विचारलं, आणि सगळ्या वाचनकक्षानं मान वर केली.

मी तिला खाली नेलं. टाकेबाईंनी सुई खाली ठेवली.

"तू पहारेकऱ्याची मुलगी."

"हो ताई."

"चिठ्ठीत लिहिलंस, 'कामगारांनी साखळी काढली'. कोणत्या कामगारांनी?"

"ते छापलेलं नाही ताई. मला माहीत नाही."

"मला माहीत आहे. साखळी मी काढली."

बाई स्टूल ओढून बसली.

"बावीस वर्षांची होते. रांगेत पहिली. भोंगा झाला. आदल्या आठवड्यात दोनदा फाटक तोंडावर बंद झालं होतं माझ्या. मी आकडा काढला आणि पळाले. मी पोचले. माझी धाकटी बहीण मागे होती, ती मधोमध होती." तिनं हाताचा तळवा टेबलावर उलटा ठेवला. "नंतर पेपरात आलं, पहारेकऱ्यानं साखळीच लावली नव्हती. मी वाचलं आणि गप्प बसले. मला सोयीचं होतं ते. तुझ्या आईला नळावरच्या रांगेतून ढकलणाऱ्यांत मी होते."

खिडकीबाहेरून कोणाची तरी सायकल गेली.

"फाटक तुम्ही बंद करत नव्हता, ताई," टाकेबाई म्हणाल्या. "आणि पूल बंद ठेवायचं काम तुमचं नव्हतं."

"ते तू लिहिलंयस. बरोबर लिहिलंयस. पण तू कर्ता-कर्ता करतेस असं गावात म्हणतात. मग माझ्या वेळेला घोळक्यात लपवू नकोस. माझं नाव घाल."

टाकेबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बघायचं टाळलं. अशा वेळी मी नेहमी बघायचं टाळतो. त्यांनी कोरा कागद घेतला आणि म्हणाल्या, "सांगा. तुम्ही सांगाल तसं लिहिते. एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही."

बाईनं सांगितलं, टाकेबाईंनी लिहिलं, बाईनं सही केली. बाराही प्रतींत तो कागद आता चिठ्ठीच्या मागे शिवलेला आहे. त्या दोघींनी एकमेकींना माफ केलं का, ते मला माहीत नाही. तशी भाषा दोघींनीही काढली नाही.

उठताना बाईनं विचारलं, "पेपरात माझ्या बहिणीचं नाव आहे का गं?"

आम्ही निळा खंड खाली आणला. पाचही अंक पुन्हा चाळले. मृतांमध्ये गिरणीतल्या एका लेखनिकाचं नाव, वय, शिक्षण, मागे कोण कोण आहे, सगळं होतं. पुढे लिहिलं होतं, 'व इतर एकवीस मजूर स्त्रीपुरुष.' एवढी वर्षं गठ्ठे हाताळून ही ओळ टाकेबाईंच्याही नजरेतून सुटली होती. त्या खुर्चीत मागे टेकल्या. "मीही बाबांपुरतंच शोधत होते," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी दुसरा कागद घेतला, वर 'इतर' असं लिहिलं आणि तो शब्द खोडला. बाईनं आधी बहिणीचं नाव सांगितलं. नंतर बहिणीच्या शेजारच्या यंत्रावरचीचं. नंतर एका नवराबायकोची. दुपारपर्यंत सहा नावं झाली. पुढच्या आठवड्यांत ती बाई आणखी दोघा-तिघांना घेऊन आली, त्यांनी आणखी सांगितली.

आत्तापर्यंत सतरा मिळाली आहेत. चार अजून नाहीत. वाचनालयाच्या दारावर पाटी लावली आहे, पालिकेनं दोनदा काढायला लावली आणि टाकेबाईंनी तिसऱ्यांदा लावली. कोणाला ती चार नावं ठाऊक असतील तर त्यांनी तळघरात यावं. रविवार सोडून, दहा ते पाच.